आभासी यंत्रांमध्ये स्क्रीन रीडरचा वापर

एका प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दुसरा, स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे संचालन प्रणाली चालवता येते. अशा संगणकास आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दृष्टिहीन वापरकर्ते संगणकावरील मजकूर स्क्रीन रीडर या सहाय्यक सॉफ्टवेअरद्वारे ऐकतात किंवा ब्रेल पटलावर बोटांनी वाचतात. आभासी यंत्रात काम करताना मात्र एकाच वेळी दोन संचालन प्रणाली, दोन ध्वनिव्यवस्था आणि अनेकदा दोन स्क्रीन रीडर कार्यरत असतात. त्यामुळे आवाज, कळफलक आणि ब्रेल उपकरण यांवर कोणत्या क्षणी कोणत्या प्रणालीचा ताबा आहे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो.

ज्या प्रत्यक्ष संगणकावर आभासी यंत्र चालते त्याच्या संचालन प्रणालीस यजमान प्रणाली आणि आभासी यंत्रातील संचालन प्रणालीस अतिथी प्रणाली असे म्हटले जाते. या दोहोंमध्ये यंत्रसामग्रीचे वाटप करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर ही संज्ञा आहे.

इतिहास

आभासी यंत्रांची कल्पना १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांवर विकसित झाली. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. वैयक्तिक संगणकांवर हे तंत्र रुजण्यास १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. व्हीएमवेअर कंपनीची स्थापना १९९८ मध्ये झाली आणि १९९९ मध्ये तिचे वर्कस्टेशन हे उत्पादन प्रसिद्ध झाले. त्यानंतर क्यूईएमयू (२००३), मॅकसाठीचे पॅरलल्स डेस्कटॉप (२००६), व्हर्च्युअलबॉक्स (२००७), व्हीएमवेअर फ्यूजन (२००७), लिनक्स गाभ्यातील केव्हीएम (२००७) आणि मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही (२००८) ही सॉफ्टवेअर उपलब्ध झाली.

स्क्रीन रीडरची वाटचाल याला समांतर झाली. टेड हेंटर या अंध अभियंत्याच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी जॉज हा स्क्रीन रीडर प्रसिद्ध केला व १९९५ मध्ये त्याची विंडोजसाठीची आवृत्ती आणली. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये नॅरेटर, तर ॲपलने २००५ मध्ये मॅक ओएस एक्स १०.४ मध्ये व्हॉइसओव्हर अंतर्भूत केले. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध प्रोग्रॅमरने २००६ मध्ये एनव्हीडीए या मोफत व मुक्त स्रोत स्क्रीन रीडरचे काम सुरू केले. लिनक्सवरील ग्नोम या चित्रमय वातावरणासाठी ऑर्का, मजकूर-पटलासाठी स्पीकअप आणि ब्रेल पटलांसाठी बीआरएलटीटीवाय ही साधने वापरली जातात.

मोफत स्क्रीन रीडरच्या उपलब्धतेचा आभासी यंत्रांच्या वापरावर थेट परिणाम झाला. सशुल्क स्क्रीन रीडरचा परवाना ठरावीक संगणकांपुरता मर्यादित असल्यास प्रत्येक आभासी यंत्र स्वतंत्र संगणक म्हणून मोजले जाऊ शकते. एनव्हीडीए आणि ऑर्का यांच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही.

मूळ तांत्रिक अडचण

डॉसच्या काळात पडद्यावरील अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरांच्याच रूपात साठवलेली असत आणि स्क्रीन रीडर ती थेट वाचत असे. चित्रमय संचालन प्रणालींमध्ये पडद्यावर केवळ चित्रबिंदू उरले. त्यामुळे बटण, यादी, मजकुराची चौकट इत्यादी घटकांची नावे आणि अवस्था स्क्रीन रीडरला कळवणारी स्वतंत्र व्यवस्था निर्माण करावी लागली. विंडोजमधील १९९७ ची ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी व नंतरची यूआय ऑटोमेशन, तसेच लिनक्सवरील एटी-एसपीआय या अशा व्यवस्था होत. त्यांच्याद्वारे प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या घटकांची वृक्षासारखी रचना स्क्रीन रीडरपुढे मांडतो.

आभासी यंत्रात ही रचना अतिथी प्रणालीच्या आतच राहते. हायपरवायझर यजमान प्रणालीला अतिथीच्या पडद्याचे केवळ चित्र पुरवतो. डोळस व्यक्तीसाठी चित्र पुरेसे असते; यजमान प्रणालीतील स्क्रीन रीडरच्या दृष्टीने मात्र ती एक रिकामी खिडकी असते. खिडकीचे शीर्षक आणि मेनू वाचले जातात, परंतु आत काय चालले आहे याचा त्यास पत्ता नसतो.

अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तींची स्थिती याहून वेगळी आहे. पडदा मोठा करून दाखवणारी किंवा रंग उलटे करणारी साधने चित्रबिंदूंवरच काम करत असल्याने यजमान प्रणालीतील साधन अतिथीच्या पडद्यावरही चालते. आवाजावर अवलंबून असणाऱ्या व्यक्तीला पुढीलपैकी एखादा मार्ग अवलंबावा लागतो:

• अतिथी प्रणालीत स्वतंत्र स्क्रीन रीडर चालवून त्याचा आवाज यजमानाच्या ध्वनियंत्रणेतून ऐकणे.
• अतिथीतील स्क्रीन रीडरचा मजकूर जाळ्यावरून यजमानातील स्क्रीन रीडरकडे पाठवणे.
• चित्रमय पडदा टाळून अतिथी प्रणालीशी मजकूर-पटलाद्वारे संपर्क साधणे.
• अतिथीच्या पडद्याच्या चित्रातील अक्षरे अक्षर-ओळख तंत्राने वाचणे.

ध्वनी

पहिला मार्ग सर्वाधिक प्रचलित आहे आणि तो पूर्णतः ध्वनीवर विसंबून असतो. आभासी यंत्राला हायपरवायझर एक आभासी साउंड कार्ड पुरवतो. त्या कार्डासाठी लागणारा ड्रायव्हर अतिथी प्रणालीत उपजत असेल तरच आवाज येतो. उदाहरणार्थ, व्हर्च्युअलबॉक्समध्ये एसी९७, साउंड ब्लास्टर १६ आणि इंटेल एचडी ऑडिओ असे पर्याय आहेत. ६४ बिट विंडोजच्या व्हिस्टापासूनच्या आवृत्त्यांमध्ये एसी९७ चा ड्रायव्हर अंतर्भूत नाही. त्यामुळे तो पर्याय निवडल्यास यंत्र सुरू होऊनही मूक राहते. अशा वेळी यंत्र बंद पडले आहे की केवळ आवाज नाही, हे दृष्टिहीन वापरकर्त्याला बाहेरून ओळखता येत नाही.

दुसरी अडचण विलंबाची आहे. संगीत ऐकताना एक दशांश सेकंदाचा उशीर जाणवत नाही. स्क्रीन रीडरच्या वापरात मात्र प्रत्येक कळ दाबल्यावर येणारा उच्चार हाच पुढील कृतीचा आधार असतो. उच्चार उशिरा आला किंवा तुटक झाला तर कामाचा वेग मंदावतो आणि चुकीच्या घटकावर एंटर दाबले जाण्याचा धोका वाढतो. अतिथी यंत्रास पुरेशी स्मृती व एकाहून अधिक प्रोसेसर गाभे देणे, तसेच अतिथी-साहाय्यक ड्रायव्हर बसवणे हे यावरील नेहमीचे उपाय आहेत.

दोन्ही प्रणालींतील स्क्रीन रीडर एकाच वेळी बोलू लागल्यास कोणता आवाज कोणाचा हे समजेनासे होते. म्हणून अतिथीसाठी वेगळा आवाज, वेगळी गती किंवा वेगळी स्वरपातळी ठेवण्याची पद्धत आहे.

कळफलक

स्क्रीन रीडरच्या आज्ञा एका विशेष कळीच्या जोडीने दिल्या जातात. जॉज आणि एनव्हीडीए यांत ती सहसा इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक, तर व्हॉइसओव्हरमध्ये कंट्रोल व ऑप्शन यांची जोडी किंवा कॅप्स लॉक असते. यजमान स्क्रीन रीडर ही कळ संचालन प्रणालीच्या खालच्या स्तरावरच अडवून घेतो. परिणामी अतिथीसाठी दिलेली आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, किंवा तिला यजमानाकडूनच उत्तर मिळते.

यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिला म्हणजे दोन्ही स्क्रीन रीडरना वेगवेगळ्या विशेष कळी नेमून देणे. उदाहरणार्थ, यजमानात कॅप्स लॉक आणि अतिथीत इन्सर्ट. दुसरा म्हणजे आभासी यंत्राच्या खिडकीपुरता यजमान स्क्रीन रीडर निद्रावस्थेत ठेवणे. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि एस एकत्र दाबल्यास चालू प्रोग्रॅमपुरती निद्रावस्था सुरू होते. लॅपटॉप मांडणीत एस ऐवजी झेड कळ वापरतात. त्या खिडकीत सर्व कळी अतिथीकडे जातात आणि खिडकी बदलताच यजमान स्क्रीन रीडर पुन्हा बोलू लागतो. तिसरा उपाय पुढील एकच कळ न अडवता पुढे सोडण्याचा आहे. एनव्हीडीएमध्ये त्यासाठी एनव्हीडीए कळ आणि एफ२ ही जोडी आहे. तुरळक वापरासाठी ती सोयीची ठरते.

हायपरवायझरची स्वतःची सुटका-कळही लक्षात घ्यावी लागते. अतिथीने घेतलेला कळफलकाचा ताबा परत मिळवण्यासाठी व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये कंट्रोल व ऑल्ट, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवी कंट्रोल कळ मूलतः योजलेली आहे. बहुतेक स्क्रीन रीडरमध्ये चालू उच्चार थांबवण्यासाठी कंट्रोल कळच वापरली जाते. त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्समध्ये उच्चार थांबवण्यासाठी उजवी कंट्रोल दाबणारी व्यक्ती नकळत अतिथीबाहेर येते आणि पुढील कळी यजमानावर उमटतात. दृष्टीने हा बदल चटकन टिपता येतो. ऐकणाऱ्यास तो उशिरा लक्षात येतो. सुटका-कळ सेटिंगमधून बदलता येते.

ब्रेल पटल

ब्रेल पटल हे ठिपक्यांच्या हलत्या सुयांनी एकेक ओळ दाखवणारे उपकरण आहे. ते यूएसबीद्वारे जोडलेले असल्यास हायपरवायझर ते अतिथीकडे सोपवू शकतो. परंतु एका वेळी एकच प्रणाली उपकरणाची मालक असू शकते. उपकरण अतिथीकडे गेले की यजमानाचे ब्रेल बंद होते. मूकबधिर-अंध व्यक्तींसाठी ही बाब गंभीर आहे, कारण त्यांच्याकडे आवाजाचा पर्याय नसतो आणि उपकरण परत घेण्याची कृतीही ब्रेलशिवाय करावी लागते.

क्यूईएमयूमध्ये यावर वेगळा तोडगा आढळतो. त्यात सॅम्युएल तिबो यांनी लिहिलेले एक आभासी ब्रेल पटल आहे. अतिथी प्रणालीला ते बाउम कंपनीच्या पटलासारखे भासते. अतिथीकडून येणारा ब्रेल मजकूर क्यूईएमयू यजमानातील बीआरएलटीटीवाय या सेवेकडे पाठवते आणि ती सेवा तो खऱ्या पटलावर उमटवते. क्यूईएमयूची खिडकी समोर असताना पटलावर अतिथीचा मजकूर येतो व अन्य खिडकीत गेल्यावर यजमानाचा. त्यामुळे उपकरणाची मालकी बदलावी लागत नाही.

संस्थापनाचा टप्पा

नव्या आभासी यंत्रात संचालन प्रणाली बसवण्याचा टप्पा सर्वांत कठीण असतो, कारण त्या वेळी अतिथीत कोणतेही सहाय्यक सॉफ्टवेअर बसवलेले नसते. डोळस व्यक्तीच्या मदतीवाचून हा टप्पा पार पाडता येणे हे संगणकाच्या स्वावलंबी वापराचे लक्षण मानले जाते.

काही संचालन प्रणालींच्या संस्थापकात बोलण्याची सोय असते. डेबियनच्या संस्थापकात आवृत्ती ७ पासून सॉफ्टवेअरद्वारे उच्चाराची सोय आहे. सुरुवातीच्या मेनूवर एस ही कळ आणि एंटर दाबल्यास ती सुरू होते. मेनू आल्याची खूण म्हणून प्रत्यक्ष संगणकावर 'बीप' असा आवाज येतो; आभासी यंत्रात तो ऐकू येईलच असे नाही. उबंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत ऑल्ट, सुपर आणि एस या कळींनी ऑर्का सुरू होतो. विंडोज १० च्या उत्तरकालीन आवृत्त्या व विंडोज ११ यांच्या संस्थापनात कंट्रोल, विंडोज कळ आणि एंटर यांनी नॅरेटर सुरू करता येतो. यजमान प्रणालीही विंडोज असेल आणि कळफलकाचा ताबा अतिथीकडे नसेल, तर याच कळींनी यजमानातील नॅरेटर सुरू होतो.

संस्थापन टाळण्याचे वा स्वयंचलित करण्याचे मार्गही आहेत. प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल संस्थापकास पुरवली की तो काहीही न विचारता काम पूर्ण करतो. विंडोजसाठी उत्तर-फाइल, डेबियनसाठी प्रीसीड आणि फेडोरासाठी किकस्टार्ट ही त्याची उदाहरणे होत. अनेक लिनक्स वितरणे तयार प्रतिमाही पुरवतात. त्यांत पहिल्या आरंभापासून एसएसएचद्वारे प्रवेश करता येतो.

संगणक चालू होतानाच्या बायोस किंवा यूईएफआयच्या पडद्याबाबत आभासी यंत्र प्रत्यक्ष संगणकाहून सरस ठरते. प्रत्यक्ष संगणकावर हा टप्पा सर्वसाधारणपणे पूर्णतः मूक असतो आणि तेथील सेटिंग बदलण्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज पडते. आभासी यंत्रात मात्र तोच पडदा यजमानाच्या खिडकीत चित्ररूपाने दिसतो. विंडोज १० व पुढील आवृत्त्यांवर एनव्हीडीए कळ आणि आर दाबून त्या चित्रातील अक्षरे ओळखून वाचता येतात. पडद्याचे छायाचित्र घेण्याची आज्ञा व्हर्च्युअलबॉक्स आणि लिबव्हर्ट यांतही आहे. अक्षर-ओळखीला मर्यादा आहेत: निवडलेली ओळ केवळ रंगाने दर्शवली असेल तर ती कोणती हे कळत नाही.

मजकूर-पटलाचा मार्ग

अतिथी प्रणाली लिनक्स असेल आणि चित्रमय पडद्याची गरज नसेल, तर अतिथीत स्क्रीन रीडर बसवण्याचीच आवश्यकता राहत नाही. एसएसएचद्वारे यजमानाच्या टर्मिनलमधून प्रवेश केल्यास अतिथीचा सर्व मजकूर यजमान स्क्रीन रीडर वाचतो. जाळे सुरू होण्यापूर्वीचे संदेश आभासी सीरियल पोर्टवर वळवून टर्मिनलमध्ये आणता येतात. क्यूईएमयूमध्ये अतिथीचा मजकूर-पटल थेट टर्मिनलमध्ये दाखवण्याचीही सोय आहे. त्यामुळे प्रारंभीचे मेनूसुद्धा अक्षररूपात मिळतात.

आभासी यंत्रांचे व्यवस्थापनही याच मार्गाने करता येते. व्हर्च्युअलबॉक्सची जवळजवळ सर्व कार्ये आज्ञा-ओळीवरून करता येतात, व्हीएमवेअरची यंत्ररचना साध्या मजकूर-फाइलमध्ये असते आणि लिबव्हर्ट एक्सएमएल फाइल वापरते. चित्रमय खिडकीतील एखादे बटण स्क्रीन रीडरला वाचता येत नसले तरी हा मार्ग खुला राहतो. विंडोजवरील लिनक्स उपप्रणालीची दुसरी आवृत्ती वस्तुतः एक हलके आभासी यंत्रच आहे. तिचा वापर टर्मिनलमधून होत असल्याने यजमान स्क्रीन रीडरने ती वाचता येते.

दूरस्थ मार्ग

एनव्हीडीए रिमोट या पूरक साधनाने २०१५ पासून वेगळी पद्धत उपलब्ध करून दिली. त्यात अतिथीतील एनव्हीडीए ध्वनीऐवजी बोलायचा मजकूरच यजमानातील एनव्हीडीएकडे पाठवतो आणि यजमानातील कळी अतिथीकडे जातात. ब्रेल मजकूरही याच वाटेने येतो. उच्चार यजमानातच तयार होत असल्याने ध्वनीचा विलंब टळतो, आभासी साउंड कार्डाची गरज उरत नाही आणि वापरकर्त्यास आपल्या सवयीचा आवाज ऐकता येतो. २०२५.१ या आवृत्तीपासून ही सोय एनव्हीडीएमध्येच अंतर्भूत झाली आहे. मात्र जोडणी जुळण्यापूर्वीच्या टप्प्यात, म्हणजे संस्थापनाच्या वेळी, ती उपयोगी पडत नाही.

हायपर-व्हीच्या बाबतीत दूरस्थ तंत्र अपरिहार्य आहे. त्याच्या मूलभूत सत्रात अतिथीचा आवाज यजमानाकडे येत नाही. रिमोट डेस्कटॉप तंत्रावर आधारलेल्या वर्धित सत्रात तो येतो. परंतु त्यासाठी अतिथी प्रणाली आधीच बसवलेली व सुरू असावी लागते. विंडोज सँडबॉक्स हे बंद करताच पुसले जाणारे आभासी यंत्र आहे. त्यात स्क्रीन रीडर टिकून राहत नसल्याने एनव्हीडीएची सुटी प्रत यजमानाच्या फोल्डरमधून आपोआप सुरू होईल अशी सूचना रचना-फाइलमध्ये लिहिता येते.

मॅक संगणक

इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर विंडोज आभासी यंत्रात चालवण्याची पद्धत दृष्टिहीन वापरकर्त्यांत रूढ झाली, कारण यजमानातील व्हॉइसओव्हर आणि अतिथीतील जॉज किंवा एनव्हीडीए असे दोन्ही स्क्रीन रीडर एकाच संगणकावर मिळत. ॲपलच्या कळफलकावर इन्सर्ट ही कळ नसते. कॅप्स लॉकही अतिथीपर्यंत सामान्य कळीसारखी पोहोचत नाही, कारण मॅक तिला दाबून धरण्याची नव्हे, तर चालू-बंद होणारी कळ मानते. त्यामुळे यजमानात कॅराबिनर किंवा अतिथीत शार्पकीज यांसारख्या सॉफ्टवेअरने एखादी कमी वापराची कळ इन्सर्ट म्हणून नेमली जाते.

२०२० मध्ये ॲपलने स्वतःचे एआरएम प्रोसेसर आणल्यानंतर अशा मॅकवर विंडोजची एआरएम आवृत्तीच आभासी यंत्रात सुरळीत चालते. स्क्रीन रीडर व उच्चार-संश्लेषक त्या आवृत्तीवर चालतात का, हे आधी तपासावे लागते.

मराठी मजकूर

यजमान व अतिथी यांच्या भाषाविषयक मांडण्या परस्परांहून स्वतंत्र असतात. यजमानात मराठी आवाज बसवलेला असला तरी अतिथीतील स्क्रीन रीडरला त्याचा उपयोग होत नाही. तेथे देवनागरी मजकूर वगळला जाण्याची किंवा चुकीचा उच्चारला जाण्याची शक्यता असते. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या मुक्त संश्लेषकात मराठीचा समावेश आहे आणि लिबलुई या ब्रेल रूपांतर संचातही मराठीसाठी तक्ता आहे. इन्स्क्रिप्टसारखी कळफलक मांडणी अतिथीत स्वतंत्रपणे निवडावी लागते. दोन्हीकडे भिन्न मांडण्या असल्यास टंकलेले अक्षर आणि अपेक्षित अक्षर यांत फरक पडतो.

उपयोग

दृष्टिहीन विद्यार्थी, प्रोग्रॅमर आणि प्रणाली-व्यवस्थापक यांना आभासी यंत्रांमुळे आपला नेहमीचा संगणक धोक्यात न घालता नवी संचालन प्रणाली शिकता येते. संकेतस्थळे व सॉफ्टवेअर यांची सुगम्यता वेगवेगळ्या स्क्रीन रीडरमध्ये तपासण्यासाठीही ती वापरली जातात.

स्नॅपशॉट ही आभासी यंत्राची सोय या वापरकर्त्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष संगणकावर एखाद्या अद्ययावतीकरणाने ध्वनी ड्रायव्हर किंवा स्क्रीन रीडर बिघडला, तर संगणक सुरू असूनही दृष्टिहीन व्यक्तीला तो दुरुस्त करण्याचे साधन उरत नाही. आभासी यंत्रात अतिथीचा आवाज गेला तरी यजमान बोलत राहतो आणि तेथून अतिथीस पूर्वीच्या चांगल्या अवस्थेत परत नेता येते.

मर्यादा

या सर्व पद्धती हायपरवायझरने अतिथीचा पडदा केवळ चित्ररूपात पुरवणे या मूळ अडचणीला वळसा घालतात; ती नाहीशी करत नाहीत. अतिथीतील घटकांची रचना यजमान स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचवणारी सर्वमान्य व्यवस्था प्रचलित हायपरवायझरमध्ये नाही. शिवाय अतिथीत काहीही बसवण्याची परवानगी नसलेल्या कार्यालयीन वा परीक्षेच्या आभासी यंत्रांमध्ये वापरकर्त्याच्या कौशल्याने मार्ग निघत नाही. तेथे यंत्राची प्रतिमा तयार करणाऱ्या संस्थेने स्क्रीन रीडर, त्याचा आवाज आणि ध्वनिजोडणी यांची तरतूद आधीच करणे आवश्यक ठरते.

हेही पहा

• स्क्रीन रीडर
• ब्रेल लिपी
• एनव्हीडीए
• व्हर्च्युअलबॉक्स
• संगणकीय सुगम्यता